गाडी नजरेआड होईपर्यंत

हर्नडन, ४ मार्च

रुचा,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. दिसतंय ना खोडलेलं? दिसू दे.

फोनवर ब्लॉक, इन्स्टावर ब्लॉक, ईमेल तू उघडणार नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून पत्र. शेवटचं पत्र मी नागपूरला चौथीत असताना लिहिलं होतं, आजोबांना, तेही बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं. तेव्हा अक्षराबद्दल बोलू नकोस. इंग्रजीतही लिहिता आलं असतं. पण तूच म्हणायचीस, ईशान इंग्रजीत वकिली करतो आणि मराठीत बोलतो. तर बोलतो.

पहिली गोष्ट. रिस्पेक्ट. इंग्रजीत सात अक्षरं.

विसरली नसशीलच. डेव्हन ॲव्हेन्यूवर आपल्यासमोर पार्क केलेली ती पांढरी गाडी, विस्कॉन्सिनची नंबरप्लेट. आर, एस, पी. तू गाडीतून उतरलीस, दार आपटलंस आणि सरळ बसस्टॉपवर जाऊन उभी राहिलीस. मी तिथेच फोन काढून त्या प्लेटचा फोटो घेतला. म्हणजे ती गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणजे आपला शब्दांचा डाव संपलेला नाही. फोटो चालत नाही असं आपल्या नियमात कुठेही नाही, आणि असलं तर दाखव.

रिस्पेक्ट. नाही, थांब. रास्पबेरी. नऊ.

आता दुसरी गोष्ट. मी कॉलेज सोडलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी. लॅपटॉप उघडला, 'विदड्रॉ' दाबलं, 'नक्की?' विचारलं, 'नक्की' दाबलं. संपलं. सामान बसमध्ये घातलं आणि इकडे आईबाबांकडे आलो. तुला वाटलं ना, याला माझ्याशी लग्न करायचंय ते ग्रीन कार्डासाठी? सिटिझन मुलगी, पिकलेला आंबा, घ्या काढून? मग हे घे. मला एकवीस पूर्ण झाले तेव्हा बाबांच्या व्हिसाला लटकलेलं माझं नाव गळून पडलं, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून मी या देशात होतो तो फक्त कॉलेजात होतो म्हणून. ते मी माझ्या हातानं सोडून दिलं. कागदासाठी लग्न करणारा माणूस आपला असलेला कागद असा फाडतो का? सांग ना.

पुढचं काय ते बघू. एवढं काही नाही.

तुझी चाल.

ईशान


हर्नडन, ७ मार्च

रुचा,

पत्र अजून पोचलंही नसेल, माहीत आहे. तरी दुसरं. घरात बसवत नाही.

इरिस्पॉन्सिबल. तेरा अक्षरं. हा शब्द माझा नाही, बाबांचा आहे. काल स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी तो मला दिला. बाबा चिडले की आधी नागपुरी होतात आणि मग एकदम ऑफिसचं इंग्रजी. "काहून केलं बे हे? काहून? कोणाला विचारलं? टोटली इरिस्पॉन्सिबल!" आणि मला, शप्पथ सांगतो, आर, एस, पी ऐकू आलं. ओळीनं. मी बोटांवर अक्षरं मोजली आणि हसलो. बाबांना वाटलं मी त्यांना हसतोय. त्यांनी हातातला टॉवेल फेकला, तो आईच्या वरणात पडला. आईनं तो चिमट्यानं बाहेर काढला आणि म्हणाली, "आता दोघांनी हेच खा."

त्यानंतर या घरात माझ्याशी फक्त आन्या बोलते. तीही इंग्रजीत. पाचवीतली पोरगी, घरातली एकटीच इथे जन्मलेली, एकटीच सिटिझन. बाबा पूर्वी गमतीनं म्हणायचे, "आमचा नंबर कधी लागेल देव जाणे, त्याआधी आन्याच एकवीसची होईल आणि आम्हाला कार्ड देईल." एकाच घरात, एकाच आईच्या पोटची दोन मुलं. मी एकवीसचा झालो की बाहेर, ती एकवीसची झाली की सगळे आत. आता ही गंमत कुणी करत नाही.

व्हर्जिनियात प्रत्येक प्लेटवर तीन अक्षरं असतात. तुमच्या इलिनॉयसारखी दोन नाहीत. तुला कल्पना नाही, वेड लागायची पाळी आहे. किराणा आणायला गेलो, पार्किंगमध्ये शंभर गाड्या, शंभर डाव. के, एफ, एस. मी लगेच म्हणालो, ब्रेकफास्ट. आन्या नुसती ट्रॉली ढकलत राहिली. पिशव्या डिकीत ठेवल्या, गाडी काढली, सिग्नलपर्यंत आलो, तेव्हा म्हणते, "दादा. थँकफुलनेस." बारा. मागे वळून बघितलं, ती के-एफ-एस अजून दुकानासमोर उभी.

कुणाची शिकवण आहे ही? मी तर तिला शिकवलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तू आली होतीस, तेव्हाचं हे.

तुझ्या बाबांची, प्रल्हादकाकांची, ती जुनी व्हॅन आठवते? दर रविवारी नेपरव्हिलहून मराठी शाळेला, बाबांच्या कंपनीनं आम्हाला इकडे हलवलं त्याच्या आधी. पुढे ते, कानात हॉस्पिटलचा फोन. मागे आपण दोघं, डब्यात उपमा. मला या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि तू स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकून आलेली. नियम सगळे तू केलेस. प्लेटवरची अक्षरं ओळीनं यायला हवीत, मधे काही येवो. अनेकवचन नाही. लांब शब्द आणील तो जिंकला. त्याहून लांब सुचला तर वर चढवता येतो, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा नाही. आणि मुदत ती गाडी नजरेआड होईपर्यंत. इलिनॉयची गाडी दोन अक्षरांची, म्हणून त्यात मजा नाही; विस्कॉन्सिनची दिसली की ओरडायचं.

पहिलीच मिळाली ती टी, आर, पी. मी ओरडलो, "ट्रिप!" तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, जिंकलो. ती गाडी उजवीकडे वळायला लागली, तिचे मागचे दिवे पुलाआड जायला आले, तेव्हा तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "मिसइंटरप्रिटेशन." आणि डबा उघडून उपमा खायला लागलीस.

त्या दिवसापासून मी तुझ्यावर चिडलेलो आहे. दुसरा शब्द तू घाल.

ईशान


हर्नडन, ११ मार्च

रुचा,

आज पहिलं पत्र तुला नक्की मिळालेलं असणार. उत्तर नाही. आन्याचा फोन तू ब्लॉक केलेला नाहीस, मी विचारलं तिला. "तिनं तुला काही पाठवलं?" तर म्हणते, "शी सेंट मी अ कॅट व्हिडिओ." तुला मांजरं पाठवायला वेळ आहे.

मग मीच सांगतो त्या दिवशी काय झालं. तू तुझ्या मैत्रिणींना सांगितलं असशील ते निराळं असेल.

तुझ्या पद्मजामावशीच्या साडीच्या दुकानात आपण चहाला गेलो होतो. मावशी गादीवर बसून फॉल लावत होत्या. माझ्या व्हिसाचा विषय कुणी काढला? मी नाही काढला. त्यांनीच विचारलं, पुढे काय, नोकरी मिळाली नाही तर काय, व्हिसाच्या लॉटरीत नंबर आला नाही तर काय. आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "अगं, हा पोरगा कशाला रांगेत मरतोय? तू सिटिझन, हा रिकामा. कोर्टात जा, सह्या करा, मिटलं. साडी माझ्याकडून."

सगळे हसले. दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. तू हसलीस. मी हसलो.

मग आपण गाडीत बसलो आणि मी तुला विचारलं. बरोबर? अंगठी नव्हती, गुडघ्यावर बसलो नाही, तुझ्या हातात मावशीनं दिलेल्या चिवड्याची पिशवी होती. पण विचारलं. आणि तू काय म्हणालीस? 'हो' नाही, 'नाही' नाही. "आजच का?"

आजच का! दहा-अकरा वर्षं मी तुझ्या शेजारी बसून हरतोय आणि तू मला कारण विचारतेस. मी म्हणालो, "सिटिझनला विचारायचं तर कारण नोटरी करून आणावं लागतं का?" तू म्हणालीस, "ईशान, मावशी बोलली म्हणून का?" मग मी जे बोललो ते तुला पाठ असेल, लिहीत नाही.

आणि तू समोर बघितलंस आणि म्हणालीस, "आर, एस, पी."

इथे मी पहिल्या पत्रात थोडी जागा गाळली होती. मी लिहिलं, तू दार आपटून गेलीस. गेलीस, पण लगेच नाही. आपला करार होता. भांडण हाताबाहेर गेलं की दोघांपैकी कुणीतरी समोरच्या गाडीची प्लेट वाचायची, आणि मग कितीही राग असला तरी भांडण टाकून खेळायचंच. शाळेत असल्यापासून. तो करार तू कधी मोडला नाहीस, मीही नाही. त्या दिवशी तू प्लेट वाचलीस आणि वाट बघत बसलीस. चिवड्याची पिशवी मांडीवर. आणि मी म्हणालो, "खड्ड्यात गेली तुझी प्लेट."

मग तू उतरलीस. दार आपटलं नव्हतंस. हळूच लावलं होतंस.

मला ते आपटलेलं बरं वाटलं असतं.

ईशान


हर्नडन, १२ मार्च

रुचा,

हे पत्र लहान आहे. आईनं सांगितलं, निदान तिला खरं तरी सांग. नाहीतर ती वीणाकाकूंना फोन करणार होती. तुझ्या आईकडून तुला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

'एवढं काही नाही' असं मी लिहिलं होतं. आहे.

कॉलेज सोडण्याआधी तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जायचं असतं. आधी. मी बटण दाबून मग गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "यू शुड हॅव कम टु अस फर्स्ट," आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी त्यांच्यावरही चिडलो. कॉलेज नाही तर व्हिसा नाही. मला जावं लागणार. शनिवारी एका वकीलबाईंशी फोनवर बोललो, बाबा शेजारी बसलेले. त्या म्हणाल्या, लवकर निघ, जितका थांबशील तितका पुढचा व्हिसा अवघड होईल. तिथे जा, नव्यानं ॲडमिशन घे, नव्यानं मुलाखत दे, मिळाला तर परत ये. मिळाला तर. मग सहज, जेवलास का विचारावं तसं म्हणाल्या, "किंवा मग कोणी सिटिझन गर्लफ्रेंड वगैरे आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन ठेवून दिला.

तर बघ काय झालंय. मला कागद नको हे तुला दाखवायला मी कागद फाडला. आणि फाडल्यामुळे आता तो मला खरंच हवाय. आता मी तुला काहीही म्हटलं, नुसतं 'कशी आहेस' म्हटलं, तरी त्यात तोच वास येणार. मलाच येतो.

तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त सांगितलं.

इरिस्पॉन्सिबिलिटी. सोळा. मोजून बघ.

ईशान


हर्नडन, १८ मार्च

रुचा,

तुझा मेसेज आला.

आन्या शाळेतून धावतच आली, बूट न काढता. "दादा, रुचा टेक्स्टेड. इट्स फॉर यू. इट्स, लाइक, लाँग." तिनं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, तुझ्या सुरात, मधेमधे श्वास घेत. मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता. नाही घेतला.

तू लिहिलंस की सगळी पत्रं वाचलीस. तू लिहिलंस की तुमच्या काउंटीत लग्नाचं लायसन्स घेतल्यावर एक दिवस थांबावं लागतं, तेव्हा पुढच्या गुरुवारी लायसन्स आणि शुक्रवारी कोर्टात लग्न, मी बसनं यावं, पासपोर्ट आणावा. तू लिहिलंस, "हे मी तुझ्यासाठी करत नाही. एका माणसाला त्याच्या रागापायी देशाबाहेर जावं लागणं हे मला मूर्खपणाचं वाटतं म्हणून करतेय. तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. ते वेगळं." आणि शेवटी, "लवकर सांग."

मेसेज संपला तरी आन्या फोन धरून उभी. मग म्हणते, "सो डू आय गेट अ लेहंगा ऑर नॉट?"

आई सोफ्यावर बसली आणि रडायला लागली. बाबा उठून दाराशी गेले, परत आले. बारा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "हो म्हण."

मी आन्याच्या बुटांची माती पुसायला वाकलो.

"ईशान, गाढवा, हो म्हण. मी या रांगेत उभा राहिलो तेव्हा तू सहावीत होतास. मान वर करून बॉसशी बोललो नाही कधी, नोकरी बदलली नाही, तुझ्या आजोबांच्या शेवटच्या दिवसांत गेलो नाही, का, तर परत येताना व्हिसा अडकला तर? देवानं दार उघडलंय तर आत जा."

"राजीव," आई म्हणाली. रडता रडताच. "दार देवानं नाही उघडलं. त्या पोरीनं उघडलंय."

"मग काय झालं?"

"ती म्हणतेय, चिडलेली आहे. चिडलेल्या पोरीनं लग्न करायचं, ते पण याच्या व्हिसासाठी? आणि उद्या तिनं म्हटलं की तेवढ्यासाठीच केलं होतं, तर हा काय बोलणार? याला बोलता तरी येतं का?"

"तिला आवडतो हा. सगळ्या गावाला माहीत आहे."

"आवडू दे ना. आवडू द्यायला तरी वेळ द्या."

मग ते दोघं भांडायला लागले आणि मला विसरले. मी बाहेर आलो. रस्त्यावर गाड्या. प्रत्येकीवर तीन अक्षरं. एकही वाचली नाही.

तुला काय सांगू, रुचा, माझ्या छातीत काय चाललंय. मला नाचावंसं वाटतंय आणि कुणालातरी मारावंसं वाटतंय. पुढचा शुक्रवार. तू आणि मी. ते मला हवंय. कसंही, कोणत्याही कारणानं, चिडलेली तर चिडलेली. तू जेवायला वाढलंस आणि म्हणालीस दया म्हणून वाढलंय, तरी मी जेवीन.

हे पत्र मी पाठवत नाहीये बहुतेक. उद्या दुसरं लिहितो.

ईशान


हर्नडन, १९ मार्च

प्रिय रुचा,

हो.

ईशान


हर्नडन, २० मार्च

प्रिय रुचा,

कालचं पत्र तुला मिळालं नाही. मिळणारही नाही. का ते सांगतो, आणि नीट सांगतो. कधी नव्हे ते सावकाश.

'हो' लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. आन्याच्या फोनवरून दोन सेकंदांत कळवता आलं असतं. पण मला ते कागदावर हवं होतं, का कोण जाणे. काल सकाळीच घरासमोरच्या टपालाच्या डब्यात पाकीट ठेवलं आणि डब्याचा लाल झेंडा वर केला, म्हणजे टपालवाली येताना बघेल आणि घेऊन जाईल. आत आलो. आईनं पोहे केले होते. मी घास घेतला आणि मला तुझी ती पिशवी आठवली. मांडीवरची. तू वाट बघत बसली होतीस ती.

तू तेव्हा एकच गोष्ट विचारली होतीस. आजच का. आणि मी इतकी पत्रं लिहिली, त्यात सगळं लिहिलं, टॉवेल, वरण, प्लेटा, पण त्याचं उत्तर लिहिलं नाही. कारण ते मला माहीत होतं.

हो. मावशी बोलल्या म्हणून. त्या बोलल्या नसत्या तर मी त्या दिवशी विचारलं नसतं. पुढच्या वर्षी विचारलं असतं, किंवा त्याच्या पुढच्या, हरता हरता कधीतरी. त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला की अरे, दोन्ही एकदम होईल. प्रेम माझंच होतं, रुचा. घाई व्हिसाची होती. आणि मी तुला घाई दिली.

तुला ते लगेच कळलं. म्हणून तू विचारलंस. आणि मी चिडलो, कारण ते खोटं नव्हतं.

हे मला पोह्यांच्या दुसऱ्या घासाला कळलं आणि मी तसाच उठलो. अनवाणी. बाहेर बर्फ नाही पण गारठा होता. रस्त्याच्या टोकाला टपालाची गाडी आलेलीच होती, दोन घरं सोडून. मी डब्यात हात घातला तेवढ्यात ती येऊन उभी राहिली. आमची टपालवाली, केस पिकलेली, आन्याला 'स्वीटी' म्हणणारी. माझ्याकडे, माझ्या पायांकडे, हातातल्या पाकिटाकडे बघितलं.

"झेंडा वर आहे," ती म्हणाली. "झेंडा वर असला की ते माझं."

"यात चूक झालीय," मी म्हणालो.

"पत्ता चुकला?"

"नाही. उत्तर."

ती हसली. "मुलगी?"

मी मान हलवली.

"हनी, लोक मला रोज चुकीची उत्तरं देतात आणि मी ती पोचवते," ती म्हणाली, झेंडा आपल्या हातानं खाली केला, विजेचं बिल माझ्या हातात दिलं आणि पुढे गेली.

तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा नाही, हा तुझा नियम. मी तो मोडला. पण मला वाटतं, टपालाच्या गाडीत चढला नव्हता, म्हणजे तोंडातून गेला नव्हता. यावर तू वाद घालशील. घाल.

बाबांना सांगितलं, शुक्रवारी लग्नाला जात नाही, नागपूरला जातो. मला वाटलं, टॉवेल फेकतील. त्यांनी हातातला टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आता तू पण रांगेत." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "माझ्या मागे उभा राहा. जागा धरून ठेवतो." मग उठले आणि माझं विमानाचं तिकीट बघायला लागले.

आन्यानं तुला कळवलंय, मला माहीत आहे. तू काय म्हणालीस ते ती सांगत नाही. नुसती म्हणते, "शी इज टायपिंग." कालपासून टायपिंग.

ईशान


डलेस विमानतळ, २७ मार्च

प्रिय रुचा,

हे इथल्याच टपालाच्या डब्यात टाकतोय. आन्या मघापर्यंत तपासणीच्या रांगेपलीकडे उभी राहून तोंडं वेडावत होती. आईनं दिलेल्या लाडवांचा डबा तपासणीवाल्यानं उघडून बघितला, वास घेतला आणि परत दिला. बाबा पार्किंगमध्येच थांबले. आत यायला जमणार नाही म्हणाले, गाडी लांब लावलीय. गाडी दारासमोरच होती.

दुबईमार्गे नागपूर. नंदाआत्याकडे राहणार. ॲडमिशनचा अर्ज भरलाय, इथल्याच कम्युनिटी कॉलेजला, आधी ऑफिसला फोन करून, तिथल्या बाईंचं नाव विचारून, त्यांना दोनदा थँक्यू म्हणून. तुला खोटं वाटेल. मुलाखत मुंबईला. देतील की नाही ते मला माहीत नाही, वकीलबाईंनाही माहीत नाही. नाही दिला तर मी तिथेच. ते आता मी धरून चालतोय. भीती वाटते, पण चिडचिड होत नाही. म्हणजे होते, पण कुणावर करावी ते सुचत नाही.

काल रात्री तुझं टायपिंग संपलं. आन्यानं फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः खोलीबाहेर गेली, जे ती कधी करत नाही. तू एवढंच लिहिलं होतंस: "बरं. पण डाव अजून तुझ्याकडे आहे."

मी तो निरोप किती वेळा वाचला ते सांगत नाही.

तर ऐक. आर, एस, पी. माझ्याकडे सोळाचा शब्द आहे, तुला आधी लिहिलाय. पण तो मी नुसता मोजून दाखवला होता, खेळलो नव्हतो. यावरही वाद घालशील. सोळाचा शब्द टाकला तर बहुतेक जिंकतो मी, आयुष्यात पहिल्यांदा. जिंकलो की डाव संपतो. आणि त्या शब्दानं माझं तुझ्याशी जे काही आहे ते संपावं असं मला वाटत नाही.

म्हणून मी तो खेळत नाही. मी खेळतो तो शब्द चौदाचा आहे. कॉरस्पॉन्डन्स.

हरण्यासारखा आहे. तू आंघोळ करता करता याच्यावर मात करशील. पण घाई करू नकोस. तू कधी करतच नाहीस.

माझं ते 'हो' मी फाडलेलं नाही. पासपोर्टमध्ये आहे, तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं. ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, त्या शुक्रवारचं होतं. माझ्या पासपोर्टावर माझा स्वतःचा शिक्का बसला, आणि तेव्हा तुझा राग गेलेला असला, तर मी विचारीन. डेव्हनवर नाही. आणि तेव्हा तू 'आजच का' म्हणालीस, तर माझ्याकडे उत्तर असेल, एक शब्दाचं नाही, लांबलचक. आणि तुला तोवर दुसरं कुणी आवडलं, तर ते पण लिही. मी चिडीन, पण लिही.

बोर्डिंग सुरू झालं. फोटो उघडून बघितला आत्ता. पांढरी गाडी, मागच्या काचेवर थोडा बर्फ, प्लेटवर तीन अक्षरं, आणि एका कोपऱ्यात, मी तेव्हा पाहिलंच नव्हतं, बसस्टॉपवर तुझी पाठ. बस आलेली नाहीये. तू उभीच आहेस.

गाडी अजून दिसतेय, रुचा.

ईशान